मराठी माध्यमातून शिकलेल्यांचे इंग्रजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमात शिकून पुढे नोकरीसाठी, उच्च शिक्षणासाठी किंवा परदेशी जाण्यासाठी इंग्रजीकडे वळलेल्या प्रौढांना मी अनेक वर्षे शिकवत आलो आहे. वर्ग बदलतात, वये बदलतात, पण प्रश्न बहुतेक तेच राहतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र करून त्यांची उत्तरे दिली आहेत. मराठी माणसाच्या इंग्रजीतील बहुतेक चुका अज्ञानातून होत नाहीत. मराठी आणि इंग्रजी यांच्या वाटा जेथे वेगळ्या होतात, नेमक्या तेथेच त्या होतात आणि म्हणूनच त्या आधी ओळखता येतात, हे लक्षात ठेवून ही उत्तरे वाचावीत.

शाळेत दहा वर्षे इंग्रजी शिकूनही मला चार वाक्ये सलग का बोलता येत नाहीत?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधीच्या पिढीची या भाषेशी ओळख पाचवीत होत असे. वर्षे कमी पडली, असे त्यामुळे म्हणता येत नाही. कमी पडला तो तोंड उघडण्याचा वेळ. साठ मुलांच्या वर्गात चाळीस मिनिटांचा तास असेल आणि शिक्षकांनी स्वतः एक शब्दही न उच्चारता तो सगळा तास मुलांना बोलायला दिला, तरी एकेकाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. प्रत्यक्षात धडा वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगण्यात आणि प्रश्नोत्तरे फळ्यावरून वहीत उतरवण्यातच तास संपतो. तबल्याचे बोल वहीत कितीही सुवाच्य अक्षरात लिहिले तरी त्याने हात बसत नाही, आणि भाषेचेही तसेच आहे.

मात्र ती दहा वर्षे वाया गेली असे समजू नये. आपल्याला वाचताना कळणारे शब्द आणि ओळखीच्या वाटणाऱ्या रचना हा मोठा साठा आहे. तो बोलण्यात आणायचा आहे, आणि हे काम शून्यापासून सुरुवात करण्यापेक्षा खूपच सोपे आहे.

माझे वय चाळीसच्या पुढे आहे. आता जमेल का?

जमेल. लहान मुलांना परभाषेतील उच्चार आणि चाल मोठ्यांपेक्षा सहज उचलता येते, हे खरे आहे. पण व्याकरणाचा नियम समजून घेणे, दोन भाषांची तुलना करणे आणि आपल्या कामाला काय लागते ते नेमके ओळखणे यांत प्रौढ माणूस पुढे असतो. आपल्या उच्चारात मराठीचा वळसा राहिला तर राहू द्यावा, कारण समोरच्याला समजले की भाषेचे काम झाले.

आधी मराठीत विचार करून मग भाषांतर करतो, म्हणून अडखळतो. ही सवय कशी सोडावी?

ही सवय ठरवून सुटत नाही आणि सुरुवातीला ती सोडण्याची गरजही नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते, त्यामुळे लांब मराठी वाक्य मनात जुळवून ते उलटवत बसले की मध्येच धागा तुटतो. उपाय असा, की मनातले मराठी वाक्यच आधी लहान करावे. ‘काल जो माणूस आपल्या दुकानात येऊन गेला त्याचा फोन आला होता’ हे एका दमात इंग्रजीत नेण्याऐवजी ‘काल एक माणूस आला होता. आज त्याचा फोन आला.’ अशी दोन वाक्ये करावीत. भाषांतर आपोआप हलके होते.

दुसरी अडचण विभक्तिप्रत्ययांची आहे. आपला एकच प्रत्यय इंग्रजीत चार ठिकाणी विखुरतो. ‘ने’ हा प्रत्यय घेऊ. ‘बसने गेलो’ येथे ‘बाय’ लागतो, ‘सुरीने कापले’ येथे ‘विथ’ लागतो आणि ‘रामने पत्र लिहिले’ येथे काहीच लागत नाही, कारण राम हा नुसता कर्ता आहे. ‘वर’ या शब्दाचेही तसेच आहे. पुस्तक टेबलावर असेल तर ‘ऑन’, पंखा डोक्यावर असेल तर ‘अबव्ह’ किंवा ‘ओव्हर’, आणि ‘या विषयावर चर्चा केली’ असे असेल तर काहीच नाही, कारण ‘डिस्कस’ या क्रियापदाला मागून शब्दयोगी लागत नाही. मी स्वतः एका मुलाखतीत ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रोजेक्ट’ म्हणालो होतो आणि समोरच्या गृहस्थांनी ते वाक्य सगळ्यांसमोर दोनदा हसून उच्चारले होते. आज मला माहीत आहे, की ती चूक ‘वर’ या मराठी शब्दातून आलेली होती आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नव्हते. ‘त्याच्याशी लग्न झाले’ यातल्या ‘शी’मुळे आपण ‘मॅरिड विथ’ म्हणतो, तेथे इंग्रजी ‘मॅरिड टू’ म्हणते. हीच गोष्ट थोड्या फरकाने येथेही घडते.

तिसरा प्रकार अनुभवाच्या वाक्यांचा आहे. ‘मला भूक लागली’, ‘मला आठवते’, ‘मला आवडते’, ‘मला सर्दी झाली आहे’ या सगळ्यांत मराठी माणूस ‘मला’ने सुरुवात करतो, जणू भूक आणि आठवण बाहेरून आपल्यापाशी येतात. इंग्रजीत ही सगळी वाक्ये ‘मी’ने सुरू होतात: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय रिमेंबर’, ‘आय लाइक इट’, ‘आय हॅव अ कोल्ड’. ‘मला’ने सुरू होणारी आपली वाक्ये एका पानावर लिहून समोर इंग्रजी वाक्य लिहिण्याचा सराव मी पहिल्याच आठवड्यात करून घेतो, कारण रोजच्या बोलण्यातला मोठा भाग त्यातच येतो.

‘ए’, ‘ॲन’, ‘द’ कधी लावायचे हे कधीच पक्के होत नाही. काही युक्ती आहे का?

मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ही अडचण आपल्याला शेवटपर्यंत थोडीफार राहते. तरीही नव्वद टक्के भार एका प्रश्नावर पेलता येतो: मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला माहीत आहे का? ‘मी एक घर पाहिले. घर छान आहे, पण स्वयंपाकघर लहान आहे.’ पहिल्या वाक्यातले घर ऐकणाऱ्याला नवीन आहे, म्हणून ‘ए हाउस’. दुसऱ्या वाक्यात तेच घर ओळखीचे झाले, म्हणून ‘द हाउस’. स्वयंपाकघराचा उल्लेख पहिल्यांदाच होत असला तरी त्या घराचे स्वयंपाकघर कोणते हे ऐकणाऱ्याला कळते, म्हणून तेथेही ‘द किचन’.

मराठी हे काम शब्दांच्या क्रमाने आणि ‘एक’, ‘तो’, ‘ते’ अशा शब्दांनी करते. ‘दारात एक माणूस उभा आहे’ आणि ‘तो माणूस दारात उभा आहे’ यांतला फरक आपल्याला जन्मापासून कळतो. हा फरक आपल्याला कळतो, पण तो प्रत्येक वेळी उच्चारून दाखवण्याची सवय आपल्याला नसते. म्हणून नियम पाठ करण्याऐवजी एखादी छोटी इंग्रजी बातमी घ्यावी, तिच्यातली सगळी उपपदे खोडावीत, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरावीत आणि मूळ बातमीशी ताडून पाहावे. जेथे चुकले तेथे ‘ऐकणाऱ्याला माहीत आहे का?’ हा प्रश्न विचारावा. ‘ॲन’ मात्र केवळ उच्चारावर ठरतो. ‘अवर’मधला पहिला ‘एच’ मुका असल्यामुळे ‘ॲन अवर’, तर ‘युनिव्हर्सिटी’चा उच्चार ‘य’ने सुरू होतो म्हणून ‘ए युनिव्हर्सिटी’.

‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ हे इंग्रजीत सांगताना सगळे का चुकतात?

कारण मराठीत ते वर्तमानकाळातले साधे वाक्य आहे आणि मराठीचा हिशेब पूर्णपणे सुसंगत आहे: मी आजही पुण्यात राहतो, म्हणून वर्तमानकाळ. त्यामुळे आपण ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतो. इंग्रजीची नजर मात्र सुरुवातीपासून आजपर्यंतच्या संपूर्ण पट्ट्यावर असते आणि त्या पट्ट्यासाठी तिने ‘हॅव’ राखून ठेवला आहे: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. याच वाक्यात दुसरी एक गफलत दडलेली आहे. मराठीत ‘पासून’ एकच आहे, इंग्रजीत मात्र किती काळ हे सांगायचे असेल तर ‘फॉर’ आणि कधीपासून हे सांगायचे असेल तर ‘सिन्स’ येतो. ‘फॉर फाइव्ह इयर्स’, पण ‘सिन्स २०१९’.

याच्या उलट दिशेची चूकही आपल्याकडे होते. ‘मी त्याला काल भेटलो आहे’ अशी रचना मनात ठेवून ‘आय हॅव मेट हिम येस्टरडे’ म्हटले जाते. काल, मागच्या आठवड्यात, दहावीत असताना असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ काढून टाकावा आणि ‘आय मेट हिम येस्टरडे’ म्हणावे.

‘मला माहीत आहे’ या अर्थी ‘आय ॲम नोइंग’ आणि ‘माझ्याकडे गाडी आहे’ या अर्थी ‘आय ॲम हॅविंग अ कार’ ही वाक्ये ‘आहे’ या शब्दाच्या ओढीने तयार होतात. जाणणे, मालकी असणे, आवडणे, समजणे ही अवस्था दाखवणारी क्रियापदे सहसा ‘इंग’ घेत नाहीत.

प्रश्न विचारताना माझे वाक्य नेहमी गडबडते. का?

मराठीत प्रश्न विचारताना शब्दांच्या जागा बदलत नाहीत. ‘तू मुंबईला जातोस’ याला ‘का’ जोडला किंवा नुसता सूर चढवला की प्रश्न तयार होतो. इंग्रजीत कर्ता आणि सहायक क्रियापद जागा बदलतात, आणि सहायक क्रियापद नसेल तर ‘डू’ आणावा लागतो. म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग?’ याऐवजी ‘व्हेअर आर यू गोइंग?’ आणि ‘यू वर्क हिअर?’ याऐवजी ‘डू यू वर्क हिअर?’. ‘डिड’ आला की पुढचे क्रियापद मूळ रूपात परतते, हे विसरू नये: ‘डिड यू गो?’, ‘डिड यू वेन्ट?’ नव्हे. पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या आत गेला की जागा पुन्हा सरळ होतात: ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग’. दर संध्याकाळी घरातल्या माणसांना दिवसभरात विचारलेले दहा प्रश्न आठवून ते मोठ्याने इंग्रजीत म्हणावेत. पंधरा दिवसांत जिभेला वळण लागते.

इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ का बसत नाही? आपली देवनागरी किती सरळ आहे!

देवनागरीत आपण बहुतांशी जसे बोलतो तसे लिहितो, म्हणून इंग्रजीचा हा प्रकार आपल्याला अन्यायकारक वाटतो. त्याची कारणे इतिहासात आहेत. ‘नाइफ’च्या आरंभीचा ‘के’ आणि ‘नाइट’मधला ‘जीएच’ ही अक्षरे एके काळी खरोखर उच्चारली जात होती. विल्यम कॅक्सटनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिला छापखाना सुरू केला आणि छापील पुस्तकांबरोबर स्पेलिंग हळूहळू गोठत गेले. नेमक्या त्याच काळात, साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान, इंग्रजीचे दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते. लिहिणे थांबले आणि बोलणे पुढे गेले. काही अक्षरे तर विद्वानांनी मागून घातली: ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दातला ‘बी’ लॅटिन मूळ दाखवण्यासाठी घुसवला गेला, तो इंग्रजीत कधी उच्चारलाच गेला नाही.

यावरून एक व्यवहारी गोष्ट घ्यावी. नवा शब्द आधी कानाने शिकावा आणि मग डोळ्याने. शब्दकोशांच्या संकेतस्थळांवर उच्चार ऐकण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. उच्चार देवनागरीत टिपून ठेवायला हरकत नाही. मी तर तसे टिपायला सांगतो, कारण ‘व्हेजटबल’ असे एकदा आपल्या लिपीत लिहिले की ‘व्हेजिटेबल’ ही जुनी सवय लवकर सुटते.

उच्चारात मराठी माणसाने नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

तीन गोष्टींकडे. पहिली म्हणजे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’. मराठी लेखनाने हा भेद आधीच केलेला आहे आणि आपण त्याचा पुरेसा उपयोग करत नाही. आपण ‘व्हॅन’, ‘व्हिडिओ’ लिहितो आणि ‘वॉर्ड’, ‘वेस्टर्न’ लिहितो. ‘व्ह’ लिहितो तेथे वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत. नुसता ‘व’ असेल तेथे दात दूर ठेवून ओठ गोल करावेत, शीळ घालण्याआधी करतो तसे. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे आतला बनियन, हे दोन शब्द आरशासमोर आलटून पालटून म्हटले की फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरी गोष्ट ‘झेड’. मराठीत ‘ज’ आणि ‘झ’ प्रत्येकी दोन तऱ्हांनी उच्चारले जातात. ‘जहाज’मधला ज आणि ‘जेवण’मधला ज वेगळे आहेत. ‘झाड’ म्हणताना जो ध्वनी निघतो तो ‘झेड’च्या बराच जवळचा आहे. तोच ‘झू’, ‘झीरो’, ‘प्राइझ’ या शब्दांत न्यावा. ‘एफ’साठी ओठ मिटून ‘फळ’मधला फ काढू नये, वरचे दात ओठाला टेकवून हवा सोडावी.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आघात. मराठीत आपण जवळजवळ सगळी अक्षरे सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची अक्षरे दबतात. ‘फोटोग्राफ’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर आहे, ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि ‘फोटोग्राफिक’ म्हणताना तिसऱ्यावर जातो. परदेशी माणसाला आपले बोलणे कळले नाही, तर दहापैकी सात वेळा दोष एखाद्या ध्वनीचा नसतो, चुकीच्या जागी पडलेल्या जोराचा असतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे. नवा शब्द वहीत टिपताना जोराच्या अक्षराखाली रेघ ओढावी.

रोज किती शब्द पाठ करावेत?

सुटे शब्द पाठ करण्यावर माझा विश्वास नाही. मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञाने, ज्याने बंगालमधील ढाक्यात अनेक वर्षे इंग्रजी शिकवण्याचे काम केले होते, १९५३ मध्ये सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोजच्या संभाषणाचा आणि साध्या वाचनाचा फार मोठा भाग अशा दोन हजार शब्दांत उरकतो. त्यांतील बरेचसे शब्द दहावी झालेल्या माणसाला माहीत असतात. त्याला माहीत नसते ते त्या शब्दांचे जोड.

‘काढणे’ हे आपले क्रियापद पाहा. आपण फोटो काढतो, चित्र काढतो, बँकेतून पैसे काढतो, दात काढून घेतो आणि दुपारी जरा झोप काढतो. इंग्रजीत फोटो ‘टेक’ करतात, चित्र ‘ड्रॉ’ करतात, पैसे ‘विथड्रॉ’ करतात, दात ‘पुल आउट’ करतात आणि झोप पुन्हा ‘टेक अ नॅप’. एका विद्यार्थिनीच्या वहीत मी ‘काढणे = रिमूव्ह’ अशी एकच ओळ पाहिली होती, आणि त्या ओळीमुळे ती बँकेत ‘आय वॉन्ट टू रिमूव्ह मनी’ म्हणाली होती. आम्ही ती ओळ खोडली आणि तिच्याजागी पाच पूर्ण वाक्ये लिहिली, तिच्या स्वतःच्या घरातली आणि कामावरची. ‘परीक्षा देणे’चेही असेच आहे. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो.

आणखी एका गटाकडे लक्ष द्यावे: मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द. ‘लाइट गेली’ यातली लाइट म्हणजे वीज, म्हणून इंग्रजीत ‘द पॉवर इज आउट’. ‘हॉटेलात जेवलो’ यातले हॉटेल इंग्रजीत ‘रेस्टॉरंट’ आहे, कारण तेथे ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची जागा. ‘माझी मिसेस’ हे इंग्रजीत ‘माय वाइफ’. शब्द ओळखीचे असल्यामुळे येथे आपण बेसावध असतो.

‘च’ हा आपला लाडका शब्दही इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन बसतो. ‘मी कालच आलो’ याचे ‘आय केम येस्टरडे ओन्ली’ न करता ‘आय केम जस्ट येस्टरडे’ करावे, आणि ‘हाच तो माणूस’ असेल तर ‘धिस इज द मॅन’ म्हणताना आवाजानेच जोर द्यावा.

वाचलेले कळते, पण ऐकलेले काहीच कळत नाही. काय करावे?

बोलताना इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळतात. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे वाक्य वेगात ‘व्हॉचा गना डू’ असे ऐकू येते. म्हणून तासभराचा चित्रपट पाहण्यापेक्षा दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा, तो आधी नुसता ऐकावा, मग संहिता समोर ठेवून ऐकावा आणि शेवटी पुन्हा संहितेशिवाय ऐकावा. बीबीसीने १९४३ पासून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी कार्यक्रम चालवले आहेत, आणि आजही तेथे छोटे ध्वनितुकडे संहितेसह मिळतात. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांचा वेग सावकाश असतो. ज्यांना क्रिकेटचे वेड आहे त्यांना मी इंग्रजी समालोचन ऐकायला सांगतो, कारण मैदानावर काय घडले हे डोळ्यांना आधीच कळलेले असते आणि कानाला फक्त शब्द पकडायचे राहतात.

लोक हसतील या भीतीने मी बोलतच नाही. यावर उपाय आहे का?

मला येणाऱ्या प्रश्नांत हाच सर्वांत खोल आहे. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यातून ही भाषा येणारा माणूस श्रेष्ठ आणि न येणारा कमी, अशी उतरंड नकळत तयार झाली. ‘मराठी माध्यम का?’ हा प्रश्न अनेकांनी कधी ना कधी विशिष्ट सुरात ऐकलेला असतो. ही भीती त्या उतरंडीने घातलेली आहे. ती आपल्या बुद्धीत मुळीच नाही.

भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये मांडलेली एक कल्पना येथे उपयोगी पडते. नवी भाषा शिकणारा माणूस मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या मध्ये स्वतःची एक तिसरी, स्वतःचे नियम असलेली भाषा बोलत असतो, आणि शिकता शिकता ती पुढे सरकत जाते. ‘डिस्कस अबाउट’ ही त्या मधल्या भाषेतली नियमबद्ध रचना आहे. तेथे पोहोचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

प्रत्यक्षात काय करावे? पहिले बोलणे मोठ्या माणसांसमोर करू नये. अनोळखी आणि कमी जोखमीच्या ठिकाणी करावे: कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावावा, इंग्रजीचा पर्याय निवडावा, आणि आपला प्रश्न आधी कागदावर लिहून तो वाचून विचारावा. पंचावन्न वर्षांचे एक एसटी वाहक माझ्या वर्गात होते. त्यांनी पहिला फोन केला तेव्हा कागद धरलेला हात थरथरत होता आणि वाक्याच्या मध्ये ते दोनदा ‘म्हणजे’ म्हणाले. पलीकडच्या मुलीने फक्त ‘येस सर, गो अहेड’ म्हटले. तिला काम करायचे होते, परीक्षा घ्यायची नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांनी कागद घेतला नाही. अडखळल्यावर वेळ घेण्यासाठी ‘लेट मी थिंक’, ‘व्हॉट आय मीन इज’, ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ अशी चार-पाच वाक्ये जिभेवर घोटून ठेवावीत. गप्प बसण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अशा वर्गांना जावे का?

तीस दिवसांत कोणाचेही इंग्रजी फाडफाड होत नाही. वर्ग निवडताना एकच गोष्ट पाहावी: एका तासात प्रत्येक विद्यार्थ्याला किती मिनिटे बोलायला मिळते. मोबाइलवरील ॲप शब्दांच्या उजळणीला चांगले आहेत, माणसाशी बोलण्याची जागा ते घेत नाहीत.

परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस द्यायची आहे. मराठी विद्यार्थी कोठे अडतात?

या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात आणि प्रत्येकाला शून्य ते नऊ असे बँड मिळतात. आपले विद्यार्थी वाचनात बरे असतात आणि लेखनात मागे पडतात. निबंध किमान २५० शब्दांचा असतो आणि त्याला साधारण चाळीस मिनिटे द्यावीत असे अपेक्षित असते. शाळेतल्या निबंधाची सवय असल्यामुळे आपण सुविचाराने सुरुवात करतो आणि मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात मांडतो. येथे आपले मत पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. तेथे पाठ केलेली उत्तरे परीक्षकाच्या लगेच लक्षात येतात, आणि बोलण्याला मराठी वळण असल्याबद्दल गुण कापले जात नाहीत, बोलणे स्पष्ट असणे महत्त्वाचे.

मुलीला मराठी शाळेत घालू की इंग्रजी शाळेत? माझ्यासारखे तिचे होऊ नये असे वाटते.

आपली तळमळ मी समजू शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे अशी शिफारस केली आहे, आणि युनेस्कोने तर १९५३ मध्येच मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला होता. घरात इंग्रजीचे वातावरण नसताना गणित आणि विज्ञान परक्या भाषेतून शिकणारे मूल अनेकदा दोन ओझी एकदम उचलते आणि एकही नीट पेलत नाही. माझे मत असे आहे, की शाळा मराठी किंवा सेमी इंग्रजी असावी आणि घरी रोज वीस मिनिटे इंग्रजी गोष्ट मोठ्याने वाचावी, आपल्या उच्चाराची चिंता न करता. आपण वाचताना अडखळलो, थांबलो आणि पुन्हा वाचले, हे मुलीला दिसू द्यावे.

घरात आणि शेजारी कोणीच इंग्रजी बोलत नाही. सराव कोणाशी करू?

सुरुवातीला स्वतःशी करावा. रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलच्या ध्वनिमुद्रकावर दिवसभरात काय घडले ते दोन मिनिटे इंग्रजीत सांगावे. शब्द अडला तर तो मराठीत म्हणावा आणि पुढे जावे, थांबू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऐकून अडलेले तीन शब्द शोधावेत आणि तीच गोष्ट पुन्हा सांगावी. एकाच गोष्टीची दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा नक्की सुधारते, आणि ती सुधारणा आपल्याच कानांनी ऐकायला मिळते. महिन्याभराने गावातल्या किंवा कार्यालयातल्या अशाच एका इच्छुकाला जोडीला घ्यावे. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, ठरलेल्या वेळी बसावे. एकमेकांच्या चुका बोलणे चालू असताना काढू नयेत. त्या कागदावर टिपाव्यात आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकेकाने फक्त दोनच चुका सांगाव्यात.